जिन्याखालची जावा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे जावा आणि येझदी या जुन्या मोटारसायकलींविषयी होती, म्हणून हा भाग त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांची १९६८ सालची जावा २५० गेली बावीस वर्षे जिन्याखाली उभी आहे. किक जागची हलत नाही. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन जाम असल्याचे सांगून ती भंगारात देण्याचा सल्ला दिला. मी शिक्षक आहे, हत्यारे हाताळण्याची सवय आहे, परंतु इंजिन कधी उघडलेले नाही. हे काम घरी करता येईल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : करता येईल, आणि भंगारात तर ती मुळीच देऊ नका. आपली गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली आहे. हा कारखाना १९६० साली चेक तंत्रज्ञानावर उभा राहिला, १९७० च्या दशकात त्याच्या गाड्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली तो बंद पडला. हे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइल पंपही नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) एवढाच त्याचा हलणारा संसार असल्याने पहिल्यांदाच इंजिन उघडणाऱ्या माणसासाठी याहून सोपे इंजिन शोधून सापडणे कठीण आहे.

सर्वप्रथम किकवर उभे राहून जोर लावण्याचा मोह टाळा. बावीस वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरून बसलेल्या असतात आणि अशा वेळी किकवर जोर दिला, तर रिंग तुटते किंवा किकचे दाते जातात. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मे-निम्मे मिसळून अर्धी वाटी ओता आणि चार-पाच दिवस गाडीला हात लावू नका. त्यानंतर गाडी स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचे चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलके हलवत राहा. एखाद्या दिवशी बारीक ‘कट्’ असा आवाज होऊन चाक बोटभर जास्त फिरते, तेव्हा पिस्टन सुटला असे समजावे. सुटला नाही, तर पुन्हा ओता आणि पुन्हा थांबा. मी एका येझदीसाठी सतरा दिवस थांबलो होतो आणि ते सिलिंडर ओरखडाही न पडता निघाले.

पिस्टन सुटला म्हणजे गाडी लगेच चालू करायची असे मात्र नाही. बहुतेकांची चूक नेमकी येथे होते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोलचे मिश्रण खाली ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना तेच दाबाने वर ढकलले जाते. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्या, धडधाकट नसतील, तर बाकी सारे नवे घालूनही उपयोग होत नाही. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ही रबरी सील नखाने दाबल्यास तडकतील इतकी कडक झालेली असतात. डाव्या, म्हणजे क्लचकडच्या बाजूचे सील गेले असेल, तर इंजिन गिअर ऑइल पिते आणि पांढऱ्या धुराचा लोट सुटतो. उजव्या, म्हणजे डायनामोकडच्या बाजूचे गेले असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी आपोआप रेस होते आणि शेवटी पिस्टन पुन्हा जाम होतो. म्हणून इंजिन पूर्ण उघडून दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंगे बदलणे हेच शहाणपणाचे आहे.

बेअरिंग ठोकून काढू नका आणि ठोकून बसवूही नका. ॲल्युमिनियमचे केसिंग, म्हणजे इंजिनाचे बाहेरचे कवच, शेगडीवर समान तापवा. पाण्याचा थेंब टाकताच तो चरचरून उडून गेला, की केसिंग पुरेसे तापले आहे. अशा वेळी ते लाकडी पाटावर उपडे करून हलके आपटले, की बेअरिंग स्वतःच्या वजनाने गळून पडते. नवे बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले, तर गरम केसिंगमध्ये अंगठ्याच्या दाबाने बसते. हा क्षण ज्याने एकदा अनुभवला, तो नंतर बेअरिंगवर हातोडा उचलत नाही.

सिलिंडरचे माप, बोअरिंग आणि क्रँकची जोडणी ही कामे मात्र घरची नव्हेत. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिलिमीटर आहे. झीज किती झाली ते बोअर गेजनेच कळते आणि क्रँक सरळ करायला प्रेस व डायल गेज लागतो. आपल्याला कोल्हापूर जवळ आहे. तेथील उद्यमनगरातल्या लेथवाल्यांनी कित्येक दशके इंजिनांचीच कामे केलेली आहेत. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून किंचित मोठा, पिस्टन आधी विकत घ्या, तो सोबत न्या आणि त्या पिस्टनच्या मापानेच बोअर करून घ्या. आधी बोअर आणि मग पिस्टन, असा उलटा क्रम कधीही ठेवू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. केसिंग चकचकीत करण्यासाठी वाळूच्या माऱ्याखाली देऊ नका. माझ्या पहिल्या येझदीचे केसिंग मी एका कारखान्यात असे साफ करून घेतले होते. तेलाच्या बारीक वाटेत वाळूचे चार कण राहिले आणि नवी बेअरिंगे दोनशे किलोमीटरच्या आत खडखडू लागली. रॉकेल, ब्रश आणि चार संध्याकाळी एवढ्यावर केसिंग पुरेसे स्वच्छ होते.

ब्रेक ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲसबेस्टॉस (श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना घातक तंतू) असण्याची शक्यता असते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

प्रश्न : गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते आता हयात नाहीत. आरसी बुकाची मुदतही संपलेली आहे. दुरुस्तीवर पैसे घालण्यापूर्वी कागदांचे काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण योग्य क्रमाने विचार करीत आहात. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५ आणि आरसी हरवले असल्यास दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म २६ लागतो. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. तिचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा ठराविक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. आपल्याला रविवारी शेतावर गाडी घेऊन जायचे असेल, तर साध्या नूतनीकरणाचाच मार्ग धरावा असे माझे मत आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर जपा. तपासणीच्या वेळी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला जातो आणि त्यात प्रत्येक आकडा उमटावा लागतो. रंगवाल्याकडे देण्यापूर्वी त्या जागेवर जाड चिकटपट्टी लावा आणि तेथे घासपट्टी फिरवायची नाही, असे त्याला समोर उभे राहून सांगा. घासून गेलेला नंबर परत आणता येत नाही आणि त्यानंतर गाडी आपलीच आहे हे पटवून देणे फार कठीण जाते.

प्रश्न : येझदी चालू झाली आहे. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालावे? आणि हल्लीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल चालेल का? टाकीत थोडा गंजही आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : नव्या पिस्टनवर पहिले काही शे किलोमीटर लिटरमागे ५० मिलिलिटर आणि त्यानंतर ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल घालावे. ते अंदाजाने न ओतता मापाने घाला. या इंजिनाला वंगण मिळते ते केवळ पेट्रोलबरोबर. त्यामुळे ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गाडी बराच वेळ गिअरवर सोडली, तर पिस्टन वेगाने फिरत असतो आणि त्याला तेल मात्र मिळत नाही. उतारावर अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा उघडण्याची जुन्या चालकांची सवय याच कारणाने होती आणि ती आपणही लावून घ्यावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर गाडी चालते, पण ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला व सीलला फुगवते. पेट्रोलची नळी नव्या प्रतीची घाला आणि टाकीखालच्या पेट्रोल कॉकचे सील बदला. अशा पेट्रोलने मिश्रण किंचित पातळ होत असल्याने प्लगचा रंग पाहत राहा. तो चॉकलेटी असावा, पांढरट दिसला तर मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी मुख्य बारीक भोकाची तोटी) एक माप मोठा घालावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. पावसाळ्यात तर हे चुकवूच नये.

गंजासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, पुरते. लिटरभर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम या प्रमाणात टाकी काठोकाठ भरून एक रात्र ठेवा, सकाळी रिकामी करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि लगेच वाळवून आत थोडे ऑइल फिरवा. एक तास जरी ओली राहिली, तरी आत पुन्हा लाल थर धरतो. टाकीला भोक असेल, तर वेल्डिंगचा विचार स्वतःच्या मनाने करू नका. वर्षानुवर्षे कोरड्या असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि ठिणगी पडताच ती फुटते. हे काम टाक्याच दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे द्या.

प्रश्न : आमच्याकडे खाऱ्या हवेने टाकीच्या क्रोमवर तपकिरी ठिपके आले आहेत. सगळे नव्याने क्रोम आणि रंग करून घ्यावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : घाई करू नका. आधी स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून एका ठिपक्यावर हलक्या हाताने फिरवून पाहा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा न पडता वरचा गंज काळसर राड होऊन निघून येतो. खाली क्रोम शाबूत असेल, तर पुसून मेण लावावे आणि दर पंधरवड्याने गोड्या पाण्याच्या फडक्याने ते पुसत राहावे. क्रोम पापुद्रे धरून उचलले गेले असेल, तेवढाच भाग पुन्हा करण्याजोगा समजावा.

रंगाविषयी माझे मत ठाम आहे. मूळ मरून रंग आणि त्यावरची सोनेरी रेघ सत्तर टक्के जरी शिल्लक असेल, तर तिला हात लावू नये. नवा रंग पुढे केव्हाही देता येतो, कारखान्यातला रंग एकदा खरवडला की गेला. रंग द्यावाच लागला, तर तो सर्वांत शेवटी द्या. इंजिन महिनाभर चालवून, गळती नाही याची खात्री करून, मगच टाकी आणि मडगार्ड उतरवा. तेही पावसाळा उलटल्यावर करा, कारण दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक येते. चासीला पावडर कोटिंग करून घेतलेत, तर अर्थिंगच्या बोल्टखालचे कोटिंग नाण्याएवढ्या जागेवर खरवडून धातू उघडा करा. जावाची सहा व्होल्टची वीज मुळातच बेताची असते, त्यात अर्थ मिळाला नाही तर दिवा मिणमिणतो आणि ठिणगीही धड पडत नाही. असे झाले की लोक चांगला डायनामो काढून टाकतात आणि बारा व्होल्टचा संच बसवतात. त्याआधी ती एक जागा खरवडून, डायनामोचे कार्बन ब्रश नवे घालून पाहा. बहुतेक वेळा दिवा तेवढ्यानेच लख्ख होतो.