गावातल्या मंडळींना गाईडसोबत किल्ले आणि शिडाच्या होडीची सफर घडवायची आहे. पाच दिवसांचं पॅकेज घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की वाशिम जिल्ह्यातल्या तुमच्या गावातून वीसेक माणसं निघणार आहेत, बहुतेक साठीच्या आसपासची, आणि समुद्र त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. कंपनी पाच दिवसांत रायगड, जंजिरा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि वर 'शिडाच्या बोटीची सफर' असं देतेय. घ्यावं का?

जा, नक्की जा. पण हे पॅकेज जसंच्या तसं घेऊ नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. आमच्याकडची शेतकरी मंडळी घेऊन कोकणकिनारा फिरलेलो आहे, कधी कंपनीच्या सहलीतून, कधी स्वतः आखून. त्यामुळे तुमचे काका-मावश्या कुठे दमतील आणि कुठे रमतील याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे.

आधी अंतराचं बोलतो. नकाशावर मुरूड आणि मालवण एकाच किनाऱ्यावर दिसतात, पण त्या दोघांमध्ये अख्खा दिवस गाडीत जातो. अकोल्याहून मुंबई गाठायलाच एक रात्र, परतीला एक रात्र. म्हणजे पाच दिवसांत चार किल्ले म्हटलं की किल्ल्यावर तासभर आणि बसमध्ये बाकी सगळं. म्हणून किनाऱ्याचा एकच तुकडा निवडा. शिडाची होडी हवी असेल तर उत्तरेकडचा: गेटवेहून बोटीने मांडवा, मग अलिबागचा कुलाबा किल्ला, मुरूड-जंजिरा आणि शेवटी रायगड. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग पुढच्या वर्षी, मालवणात मुक्काम ठोकून निवांत पाहा. त्यांना घाईत पाहणं मला खरंच पटत नाही.

आता मुख्य मुद्दा. पॅकेजवाले इतिहास आणि समुद्र वेगवेगळे विकतात. सकाळी किल्ला, संध्याकाळी सूर्यास्ताला बोटीत एक चक्कर, चहा-बिस्किट. जलदुर्गाच्या बाबतीत अशी फोड करून चालत नाही. आपल्याकडचा गाविलगड किंवा नरनाळा चढताना पायांना कळतं की शत्रूला हा का अवघड गेला असेल. जंजिऱ्याला ते कळतं पाण्यावरच. म्हणून कंपनीला सरळ सांगा: वेगळी सफर नको, किल्ल्यापर्यंतच आम्हाला शिडाच्या होडीने न्या.

हे मुरूडजवळच्या राजपुरीच्या धक्क्यावरून होतं. तिथे इंजिनाच्या बोटीही असतात, त्यामुळे शीड हवं हे आधीच ठरवून घ्या. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, माणसं दोन्ही बाजूंना तोलून बसवतो, दोर ओढतो, कापड एकदा फडफडतं आणि वारा भरला की होडी एका अंगाला किंचित कलते. त्या क्षणी आमच्यातल्या एका काकूंनी शेजारणीचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "आवं माय, याले तं दुसरा काठच नाही!" मग हळूहळू सगळे गप्प झाले, कारण तट मोठा मोठा होत होता आणि दरवाजा कुठेच दिसत नव्हता. तो दिसतो अगदी जवळ गेल्यावर, बुरुजांच्या आड. तोवर तुम्ही तोफांच्या टप्प्यात कधीचे आलेले असता. गाईडने काही सांगायच्या आधीच आमच्या माणसांनी ते ओळखलं होतं. दरवाजाजवळ हत्तींना पंजात धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलेला आहे. तोही दाखवून घ्या, गर्दीत सुटतो.

जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दीचा हा किल्ला ना शिवाजी महाराजांच्या हाती आला ना संभाजी महाराजांच्या. समोरच महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. लाय पाटील नावाच्या कोळ्याने जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायची हिंमत केली, म्हणून महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची, असं तो म्हणाला. तेव्हा त्याला 'पालखी' नावाचं गलबतच बांधून दिलं, अशी हकीगत सांगितली जाते. ही गोष्ट होडीत बसून ऐकायची आहे, बसच्या माइकवरून नव्हे.

गाईड निवडताना नेमकं इथे लक्ष द्या. कंपनीचा व्यवस्थापक म्हणजे गाईड नाही. तो खोल्या, जेवण, हजेरी पाहतो, आणि ते कामही मोलाचं आहे. पण किल्ल्यावर तिथलाच माणूस हवा आणि त्याला वेळ हवा. जंजिऱ्यावर होडीवाले परतीची वेळ बांधून देतात, ती साधारण पाऊण तासाची असते, आणि साठीच्या माणसाला तेवढ्यात निम्मा किल्लाही होत नाही. म्हणून जादा वेळेचे पैसे मोजून होडी पूर्ण आपल्या गटासाठी ठरवावी. या सहलीत कुठे जास्त खर्च करावा असं कोणी विचारलं, तर मी हॉटेलऐवजी हीच जागा सांगेन.

चांगल्या गाईडची पारख करायची असेल तर त्याला खांदेरीबद्दल विचारा. 1679 मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला, सिद्दीही आला. तरी मराठ्यांच्या लहान होड्या रात्री निसटून बेटावर सामान पोचवत राहिल्या. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना खोल पाणी लागायचं आणि वारा पडला की ती जागच्या जागी अडकायची. आपली गलबतं उथळ बांधणीची, वल्ह्यांवरही चालणारी, खाडीत शिरणारी. शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला हे एका वाक्यात समजतं. वारा पडल्यावर होडी कशी थांबते हे त्याने नुकतंच अनुभवलेलं असतं.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना हमखास भिडते. शिवकाळापासूनचे मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्र' या राज्यकारभारावरच्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसं तोडावं ते लिहिलं आहे. आंबा-फणस जहाजाच्या कामाचे असले तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, कारण माणसाने ती लेकरासारखी वर्षानुवर्षं वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊनच तोडावं. आमच्यातल्या संत्रा बागायतदारांनी हे दोनदा सांगायला लावलं.

कुलाबा किल्ल्याची मजा वेगळी आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरतीला तोच रस्ता पाण्याखाली जातो. कंपनीचं वेळापत्रक महिनाभर आधी छापलेलं असतं, पण समुद्र रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकतो. त्यामुळे तारीख ठरवतानाच पंचांग उघडा. किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सहा तास अलीकडे, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. तुमच्या गटात पाऊणकी पाठ असलेलं कोणीतरी असेलच, त्यांच्यावर हे काम सोपवा. तृतीया ते षष्ठीत कुलाबा बसवला तर सकाळीच चालत जाऊन परत येता येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे हटत नाही. नक्की वेळ मात्र त्या दिवशी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारूनच पाऊल टाका. पाणी वाढू लागलं की तिथे रेंगाळायचं नाही, हे गाईडने सगळ्यांना बजावलं पाहिजे.

त्या किल्ल्यात गोड्या पाण्याचा साठा आहे. आमच्या एका मावशींनी वाटेत समुद्राचं पाणी चाखून थुंकलं होतं. किल्ल्यातलं पाणी चाखल्यावर त्यांनी गाईडला अडवलंच, "एवढ्या खाऱ्या पान्यात हे गोड पानी आलं कुठून?" त्याने नीट सांगितलं: पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर थर धरून राहतं, आणि हावऱ्यासारखा उपसा केला तर खालचं खारं वर येतं. हे ऐकून आमची माणसं आपापल्या बोअरवेलवर बोलायला लागली आणि अर्धा तास कोणी हललं नाही. सहलीत अशा अर्ध्या तासाला जागा असली पाहिजे. सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी पाहायला पुढच्या वर्षी जायचं ठरलं ते तिथेच.

रायगडाबद्दल थोडक्यात. हजाराच्या वर पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघेवाल्यांनी हिरकणीवाडीहून रोपवेनेच जावं, त्यात कमीपणा नाही. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवरचं, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव दाखवून घ्या. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ज्या 12 मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत रायगड आणि खांदेरी आहेत.

तब्येतीचं मात्र सविस्तर सांगतो. आम्ही गेलो तेव्हा जंजिऱ्याला होडी थेट दरवाजाच्या पायऱ्यांना लागायची. होडी लाटेवर वरखाली होते, पायरीवर शेवाळ, आणि तांडेल दंड धरून उतरवतो. हल्ली उतरायची सोय कशी आहे ते आधी फोन करून विचारा. लाट वर आली की पाय टाकायचा, उडी मारायची नाही आणि हातात पिशवी ठेवायची नाही. बायकांनी नऊवारी-सहावारी जरा वर खोचून घ्यावी. लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळेपर्यंत होडी सोडू देऊ नका, गावचे मोठे लोक नको म्हणाले तरी. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून होडीच्या अर्धा तास आधी घ्यावी, बीपीची औषधं चालू असतील तर विचारणं जास्तच गरजेचं. पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. बसल्यावर नजर लांब, पाणी आणि आभाळ मिळतं तिथे ठेवायची.

होडी नेहमी सकाळची घ्या. थंडीच्या दिवसांत पहाटे-सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी शांत असतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो, लाटा वाढतात. वारा अजिबात पडला तर शिडाची होडी निघणार नाही, तेव्हा जंजिऱ्याला एक सकाळ राखीव ठेवा. समुद्र खवळल्यामुळे होडी रद्द झाली तर पैशांचं काय, हे कंपनीकडून कागदावर लिहून घ्या.

जेवणाचं म्हणाल तर माळकरी मंडळी असतील तर वेगळ्या स्वयंपाकाचं आधी बोला, किनाऱ्यावर मासे नसलेलं स्वयंपाकघर शोधावं लागतं. आमच्या माणसांना तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण येते, म्हणून ठेचा आणि चटण्यांचा डबा बरोबर असू द्या.

वेळ कोणती? तूर घरात आलेली असते आणि हरभरा अजून सोंगायचा असतो, ते जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे. 26 जानेवारीला जोडून सुटी येत असेल तर ते दिवस सोडा, राजपुरीला रांगाच रांगा असतात. पावसाळ्यात या होड्या बंदच असतात, तेव्हा जूननंतरचं कोणी पॅकेज देत असेल तर त्याला आधी होडीचंच विचारा. अकोल्याहून विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी मुंबई. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि वीस जणांना एका डब्यात जागा हवी असेल तर त्याच दिवशी काढावं लागतं. म्हणून आधी तिथी पाहा, मग तिकीट, आणि कंपनीशी बोलणी त्यानंतर. तारखा ठरल्या की इथेच कळवा, त्या दिवसांची ओहोटी केव्हा बसते ते मी मांडून देतो.