जाहिराती आल्या, खासगीपणाची धास्ती आहे, तरी लोक व्हॉट्सॲप का सोडत नाहीत?

कारण ॲप एकट्याला सोडता येतं, पण आपली माणसं एकदम सोबत येत नाहीत. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या खासगीपणा धोरणावरून ओरड झाली, तेव्हा इथे वडोदऱ्यात आमच्या गणेशोत्सव मंडळाचा ग्रुप सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर न्यायचा मी मनापासून प्रयत्न केला. तरुण आले, आजी-आजोबा, मांडववाला, ढोलवाले आले नाहीत. वर्गणीचा हिशेब दोन्हीकडे टाकावा लागायचा, मग हळूहळू सगळे जुन्या ग्रुपवर परतले. दूधवाला, मुलांची शाळा, पुण्याची आत्या, सगळं तिथेच. शिवाय 2025 मध्ये जाहीर झालेल्या जाहिराती 'अपडेट्स'मध्ये असतात, चॅटमध्ये नाहीत, म्हणून फारशा खुपत नाहीत.

मात्र धास्ती अगदीच खोटी नाही. 2016 पासून खासगी मेसेजचा मजकूर एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतो, तो कंपनीला वाचता येत नाही. पण कोणाशी, केव्हा संपर्क होतो ही माहिती त्यात झाकली जात नाही, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. बॅकअपचं एन्क्रिप्शनही सेटिंगमध्ये जाऊन तपासा. बदलायचंच असेल तर आधी घरातल्या चार जणांना न्या, मंडळाला नंतर.