व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो घेताना अस्सलपणा कसा ओळखावा?

इंग्लंडमध्ये १९५० सालची व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो ही मोटरसायकल विक्रीस आहे आणि इंजिनाचा चकचकीत काळा रंग दाखवून मालक ती अस्सल असल्याचे सांगतो, तर त्यावर विश्वास ठेवावा का, असे आपण विचारले आहे. केवळ रंगावरून ठेवू नये. आधी नंबर पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीचे संस्थापक फिलिप व्हिन्सेंट आणि अभियंते फिल अर्व्हिंग यांनी १९४८ साली स्टिव्हनेजच्या कारखान्यात शॅडो घडवली ती रॅपिड या त्यांच्याच साध्या मॉडेलच्या ९९८ सीसी व्ही-ट्विन (इंग्रजी व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) इंजिनातून. कॉम्प्रेशन वाढवून, आतले भाग घासूनपुसून आणि मोठे कार्ब्युरेटर बसवून त्यांनी ४५ अश्वशक्तीची ५५ केली, इंजिनाला काळे इनॅमल दिले आणि ताशी १५० मैलांपर्यंत आकडे असलेला पाच इंची स्पीडोमीटर लावला. ती ताशी १२५ मैल वेग गाठत असे, आणि त्या काळी एवढा वेग थक्क करणारा होता! मात्र हे सारे बदल रॅपिडवर नंतरही करता येतात.

म्हणून क्रँककेसवरचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावरचा, नंबर वाचावा. शॅडोचा 'एफ१०एबी/१बी' असा सुरू होतो, तर रॅपिडच्या नंबरात 'बी' नसलेला नुसता '१' असतो. त्यापुढच्या इंजिन क्रमांकात १९०० मिळवले की फ्रेमचा क्रमांक यायला हवा. इंजिन ५००० असेल तर फ्रेम ६९००. या गाडीला नेहमीसारखी सलग फ्रेम नाही. वरचा भाग हीच तेलाची टाकी असून इंजिन तिला लटकते आणि मागचा भाग स्वतंत्रपणे बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे दोन-तीन गाड्यांतून एक उभी करणे सहज शक्य होते. वरच्या आणि मागच्या, दोन्ही भागांवरचे क्रमांक सारखेच असावेत. क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांवरही एकमेकांशी जुळणारा जोडीचा क्रमांक असतो. तो बहुतेक जण पाहायला विसरतात. व्हिन्सेंट ओनर्स क्लबकडे कारखान्याच्या नोंदी आहेत, त्यांच्याशी हे सर्व पडताळून घ्यावे.

क्रमांक जुळले नाहीत म्हणून गाडी वाईट ठरत नाही. मी स्वतः रॅपिड चालवतो आणि ती मला अतिशय प्रिय आहे. पण मग किंमतही रॅपिडचीच द्यावी. प्रत्यक्ष चालवताना क्लच घसरतो का, हे जरूर पाहावे, कारण त्याच्या कप्प्यात तेल झिरपले की तो पकड सोडतो. तिथवर प्रवास करण्यापूर्वी मालकाकडून चारही ठिकाणच्या क्रमांकांची जवळून काढलेली छायाचित्रे मागवून घ्यावीत.