बोवी सुरी बनवून घेताना मुठीच्या आत काय आहे ते विचारा

नमस्कार. साताऱ्याच्या आपल्या निवृत्त फौजी वडिलांना पंच्याहत्तरीनिमित्त देण्यासाठी १० इंची पात्याची, दमास्कस म्हणजे थरांच्या नक्षीच्या पोलादाची आणि सांबरशिंगाच्या मुठीची बोवी सुरी (टोकाकडे खोलगट उतरलेल्या मोठ्या पात्याची अमेरिकन सुरी) आपण इथे अमेरिकेत एका कारागिराकडून बनवून घेत आहात, किंमत ८५० डॉलर ठरली आहे, निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आहे, आणि त्याने पाठवलेल्या पाच छायाचित्रांवरून काम चांगले की वाईट हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. हे वाचले आणि २००९ साली मी केलेली खरेदी जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहिली. तेव्हा माझ्याकडेही पाच-सहा सुंदर छायाचित्रेच होती. मी स्वतः लोहार नाही, हिशेबनीस आहे. सॅन अँटोनिओत राहून पंधरा-वीस वर्षे सुऱ्या विकत घेतल्या आणि बनवणाऱ्यांच्या मागे लागून शिकलो, एवढाच माझा अधिकार, त्यामुळे पुढचे सारे त्या बेताने वाचावे. पोलादाला तेल लावणे, गंज, म्यानात सुरी कायमची न ठेवणे हे आपल्याला ठाऊक असेलच, म्हणून ते सोडून देतो.

मी घेतलेली सुरी दिसायला अप्रतिम होती. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, पितळी गार्ड (पाते आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी), आणि मूठ हातात घेतल्याबरोबर मन हरखावे अशी. तिचे वजन ८५० ग्रॅमच्या आसपास भरले, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते; परंतु ‘दणकट आहे’ अशी मी स्वतःची समजूत काढली. वर्षभराने अंगणातल्या मेस्किटची (इकडच्या एका कठीण लाकडाच्या झाडाची) मनगटाएवढी फांदी तोडताना चौथ्या की पाचव्या घावाला पाते गार्डजवळ खुळखुळले आणि पुढच्या घावाला मुठीपासून वाकडे झाले. सुरीच्या एका प्रदर्शनात एका वयस्क लोहाराने माझ्यासमोर मूठ उकलून दाखवली. पात्याची जी शेपूट मुठीत जाते, जिला कारागीर टँग म्हणतात, ती गार्डच्या मागे जेमतेम अर्धा इंच होती, आणि तिथे आटे पाडलेली साधी बाजारी सळई वेल्डिंगने चिकटवलेली होती. शिवाय पाते जिथे अरुंद होऊन शेपूट सुरू होते, ते दोन्ही खांदे करवतीने कापल्यासारखे काटकोनात होते. काटकोनाच्या आतल्या टोकात सगळा ताण एकवटतो आणि भेग तिथूनच निघते. त्या म्हाताऱ्याने काही टीका केली नाही. सळई बोटाने दाखवली आणि मान हलवली.

ज्या विक्रेत्याकडून ती घेतली त्याच्या तक्रार विभागाशी मी चार महिने पत्रव्यवहार केला. त्यांचे म्हणणे असे की वर्णनात ‘हाताने बनवलेली’ एवढेच लिहिले होते, आणि ती हाताने बनवलेली होतीच. ते शब्दशः खरे होते, आणि त्याचाच मला अधिक संताप आला. त्याआधी विम्यासाठी एका मूल्यांकन कार्यालयाने नुसती छायाचित्रे पाहून, सुरी हातातही न घेता, तिची किंमत मी मोजली त्याहून जास्त लिहून दिली होती आणि त्याचे शुल्कही घेतले होते. मोडलेल्या सुरीसह तो कागद घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा ‘आम्ही बाह्य स्वरूपाचे मूल्यांकन करतो’ असे उत्तर मिळाले. असो. या रागाचा आपल्याला उपयोग नाही. पण ‘हस्तनिर्मित’ या शब्दाला कारागिरीचा पुरावा समजू नका, एवढे मात्र त्यातून घ्या.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत ठाम मत असे: आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कारागिराकडून लेखी कबूल करून घ्या की मूठ चिकटवण्याआधी तो पात्याचे शेपटीसकट छायाचित्र पाठवेल. त्या छायाचित्रात शेपूट पात्याच्याच पोलादाची, खांद्याशी रुंद आणि पुढे हळूहळू निमुळती होत गेलेली दिसली पाहिजे, आणि खांद्यांच्या आतल्या कोपऱ्यांना गोलाई असली पाहिजे. सळई जोडणे हे सर्वस्वी पाप आहे असे नव्हे. मूठ उकलता यावी म्हणून चांगले कारागीरही शेपटीच्या अगदी शेवटी, मुठीच्या टोकाजवळ, आट्यांची सळई जोडतात, आणि तिथे ताण कमी असल्याने ते चालते. गार्डलगतचा जोड मात्र कधीही चालत नाही. हे छायाचित्र मागितल्यावर जो कारागीर चिडतो, त्याच्याकडून मी सुरी घेत नाही. काही प्रामाणिक पण तिरसट माणसे या नियमामुळे माझ्याकडून सुटली असतील, ते मला मान्य आहे.

दुसरा प्रश्न पाणी देण्याचा, म्हणजे पाते तापवून, विझवून कठीण करण्याचा. आपण ज्या दमास्कसवर भाळला आहात, ती नक्षी बहुधा १०८४ आणि १५एन२० या दोन पोलादांचे थर एकत्र ठोकून, मग आम्लात बुडवून उमटवलेली असते. १५एन२० मध्ये सुमारे दोन टक्के निकेल असल्याने त्याच्या रेषा उजळ राहतात. धार टिकेल की नाही याविषयी ही नक्षी काहीच सांगत नाही. पाते नीट तापवून तेलात विझवले नाही आणि त्यानंतर साधारण २०० अंश सेल्सिअसला दोनदा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढला नाही, तर लाटा कितीही सुरेख असोत, ती शोभेची पट्टीच. पोलादाचे नाव, विझवण्याचे तेल, मंद तापवण्याचे तापमान आणि धारेची कठीणता विचारा. रॉकवेल ‘सी’ मापावर ५७ ते ५९ हे उत्तर मोठ्या बोवीसाठी मला समाधानकारक वाटते. ‘माझी गुप्त पद्धत आहे’ हे उत्तर वाटत नाही. हातात आल्यावर पितळी सळईवर धार तिरकी टेकवून हलका दाब द्या: धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर आहे, वाकडीच राहिली तर मऊ, आणि कपची उडाली तर फाजील कठीण. नक्षी पाठीवरही, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूच्या जाड कडेवरही, तशीच उतरलेली आहे ना, हेही पाहा. नुसत्या पृष्ठभागावर कोरलेली नक्षी पाठीवर येऊन थांबते.

बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींत मी सर्वांत आधी पाठीची जाडी पाहतो. चांगल्या बोवीची पाठ गार्डपाशी सहा मिलिमीटर असेल, तर टोकाकडची खोलगट उतरण सुरू होईपर्यंत ती तीन-चारवर आलेली असते. माझ्या त्या पहिल्या सुरीच्या पाठीची जाडी शेवटपर्यंत तेवढीच होती, म्हणून ती पहारीसारखी लागे. वजन आणि तोल यांतला फरक इथेच पडतो, आणि तो बाजूने काढलेल्या छायाचित्रात दिसत नाही, म्हणून पाठीकडून काढलेले छायाचित्र वेगळे मागा. पाते ट्यूबलाइटखाली धरून प्रतिबिंबाची रेषा पाहा. ती कुठे थरथरली किंवा तुटली, तर तिथे घासकाम लाटालाटांचे झाले आहे. पात्याच्या मुळाशी जिथे उतार सुरू होतो त्या दोन्ही बाजूंच्या रेषा समोरासमोर आल्या पाहिजेत. गार्ड आणि पाते यांच्या फटीत नख अडकता कामा नये. काळ्या चिकट लुकणाने बुजवलेली फट छायाचित्रात सावलीसारखी दिसते, पण तिथेच ओल शिरते. मुठीच्या कोरीवकामाकडे मी सर्वांत शेवटी पाहतो, आणि नवखे लोक तिथूनच सुरुवात करतात. मीही केली होती.

पात्यावर ‘जे. एस.’ (जर्नीमन स्मिथ) किंवा ‘एम. एस.’ (मास्टर स्मिथ) ही अक्षरे असतील तर तो कारागीर अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेतून गेलेला आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या पहिल्या परीक्षेत उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने लोंबता इंचभर जाड दोर एका घावात तोडायचा, लाकडी फळ्या दोनदा तोडून त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि मग पाते पकडीत धरून न मोडता ९० अंशांत वाकवायचे असते. ही पहिली परीक्षा साध्या पोलादावर होते, दमास्कसवर नाही. नक्षीमागे लागलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. ही अक्षरे नसलेले उत्तम कारागीरही मी पाहिले आहेत, त्यामुळे ती खूण नसली म्हणून कोणाला नाकारू नका.

आपल्या कारागिराने ‘अस्सल मूळ नमुना’ असे म्हटले आहे, त्याकडे मात्र दुर्लक्ष करावे. ज्याच्या नावावरून ही सुरी ओळखली जाते तो अमेरिकन जिम बोवी १८२७ साली नदीतल्या वाळूच्या बेटावर झालेल्या ‘सँडबार’च्या मारामारीने गाजला, पण ती सुरी आज कोणाच्याही हाती नाही, आणि त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ च्या पत्रात वर्णन केलेली पहिली सुरी तर सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद आणि सरळ पात्याची होती. आज आपण जिला बोवी म्हणतो ती टोकाकडे खोलगट उतरलेली आकृती हा एकच मूळ नमुना नव्हे. अस्सलपणाच्या नावाखाली शंभर-दोनशे डॉलर जास्त मोजू नयेत.

शेवटी साताऱ्याविषयी, आणि मी वकील नाही हे आधी सांगून. भारताच्या शस्त्र नियमांनुसार घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक कामासाठी नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत मोडते. आपली १० इंची सुरी विमानतळावर अडली, तर कारागिरीची तारीफ ऐकून कोणी ती सोडणार नाही. सांबर तिकडे वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या शिंगाच्या व्यापारावर बंदी आहे, म्हणून शिंगाची मूठ तिकडे नेणे म्हणजे दुसरी भानगड ओढवून घेणे. वडिलांसाठी मी पाते साडेआठ इंचांचे आणि रुंदी दोन इंचांच्या आत ठेवली असती, मूठ मेस्किटची घेतली असती, आणि जाण्यापूर्वी तिकडच्या जाणकार वकिलाला विचारले असते. एवढे बदल सांगूनही कारागीर तयार असेल तर त्याला शेपटीच्या छायाचित्राविषयी आजच लिहा. त्याने काय कळवले ते इथे टाकलेत, तर छायाचित्र पाहून मला जे दिसेल ते मी सांगेन.