मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घराला लागून गोठा असेल, तर काळी बुरशी होते का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या मोठ्या बाबांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन चार महिने झाले, घराच्या मागच्या भिंतीला लागून गोठा आहे, त्यात सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलेले आहे, आणि काळी बुरशी टाळायची असेल तर ढोरे विकून टाका असे एका नातेवाइकाने सुचवले आहे. हे शेवटचे वाक्य वाचून मी दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि लिहायला बसलो, कारण हेच वाक्य आमच्या घरात जून २०२१ मध्ये उच्चारले गेले आणि त्यानंतर आठ दिवसांत आईच्या दोन गाई बाजारात गेल्या.

ढोरे विकू नका. आधी मोठ्या बाबांच्या बोटाला सुई टोचून साखर बघा.

मी डॉक्टर नाही. दारव्हा तालुक्यात माझे कृषी केंद्र आहे, आणि बुरशीशी माझा धंद्याचा संबंध एवढाच की मी बुरशीनाशके विकतो. मात्र माझ्या थोरल्या भावाच्या उशाशी मी नागपुरात सत्तेचाळीस दिवस बसलो, त्याच्या फाइलमधला प्रत्येक कागद मीच लावला आणि प्रत्येक कागदाचा अर्थ मीच विचारून घेतला.

एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात दादाला करोनाचा ताप आला. त्याचे वय तेव्हा ४६ होते, साखरेचा आजार सहा वर्षांचा होता, आणि गोळ्या घेण्याची त्याची पद्धत अशी होती की पंगतीत जिलबी झाली तर दोन, एरवी एकही नाही. तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी तापाच्या दुसऱ्याच दिवशी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शने सुरू केली. दादाचा ऑक्सिजन त्या वेळी ९७ होता. ऑक्सिमीटर मीच त्याच्या बोटाला लावला होता, म्हणून तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. करोनावरच्या औषधांच्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्येच दाखवून दिले होते की या औषधाचा फायदा ज्यांना ऑक्सिजन लावावा लागतो त्यांना होतो, इतरांना होत नाही, आणि तिथली मात्राही दिवसाला ६ मिलिग्रॅम, तीही जास्तीत जास्त दहा दिवस, एवढीच होती. दादाला इंजेक्शनांनंतर मेथिलप्रेडनिसोलोनच्या १६ मिलिग्रॅमच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ लिहून दिल्या गेल्या आणि सगळे मिळून एकोणीस दिवस स्टेरॉइड चालले. ताप उतरला, भूक लागली, चेहरा भरून आला. स्टेरॉइडने माणसाला बरे वाटते, आणि बरे वाटते म्हणूनच घरातले कोणी काही विचारत नाही. त्या एकोणीस दिवसांत साखर कोणीही तपासली नाही. मीही तपासली नाही, हे लिहिले नाही तर बाकीचे लिहिण्याचा मला अधिकार उरत नाही. ग्लुकोमीटर देवघराच्या फळीवर होते आणि त्याच्या पट्ट्यांची मुदत संपलेली होती.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी दादा अंगणात दाढी करत होता. अर्धी दाढी झाल्यावर तो थांबला, उजव्या गालावर दोनदा बोट दाबले आणि मला म्हणाला, "इकडच्या गालाले ब्लेड लागते का नाही, तेच समजत नाही मले." मी हसलो. दोन दिवसांनी वरच्या दाढा दुखू लागल्या, म्हणून आम्ही दातांच्या दवाखान्यात गेलो आणि प्रतिजैविके घेऊन परत आलो. त्यात आणखी पाच दिवस गेले. मग उजवी पापणी खाली उतरली, त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, आणि नाकातून तपकिरी पाणी आले. आईने मोबाइलच्या उजेडात त्याचे तोंड पाहिले तेव्हा टाळूवर सुपारीच्या खांडाएवढा काळा डाग होता. त्या दिवशी साखर ४६८ भरली.

बधिर गाल, एका बाजूचा चेहरा सुजणे, हलणाऱ्या दाढा, उतरलेली पापणी, टाळूवरचा काळा डाग: म्युकरमायकोसिस पुष्कळदा याच वाटेने चढतो, आणि तो दिवसांच्या हिशोबाने पुढे सरकतो. लोक त्याला काळी बुरशी म्हणतात, पण ही बुरशी काळी नसते. शिळ्या भाकरीवर जी पांढुरकी-करडी लव येते, तिच्याच कुळातली ही असते. बहुतेक रुग्णांत तिच्यातला रायझोपस हा प्रकार सापडतो. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, रक्त गोठते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि तो मेलेला भाग काळा पडतो. म्हणजे दिसतो तो रंग मांसाचा असतो. २०२१ मध्ये कांद्याच्या सालीवरची काजळी दाखवून लोक एकमेकांना भेवडावत होते. ती काजळी वेगळ्याच बुरशीची असते आणि तिचा या आजाराशी काही संबंध नाही. एका माणसापासून दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यामुळे ताटवाटी वेगळी करणाऱ्यांनाही गप्प बसवा.

नागपुरात नाकात दुर्बीण घालून तुकडा काढला गेला आणि काही तासांतच सूक्ष्मदर्शकाचा अहवाल आला: रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले तंतू, फाटे काटकोनाकडे झुकणारे. हा तुकडा काढणे किती महत्त्वाचे आहे ते तुमच्या बाबतीत विशेष सांगतो, कारण प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचा संसर्गही होतो. त्यावर व्होरिकोनॅझोल हे औषध चालते, पण म्युकरवर ते चालत नाही. नुसत्या अंदाजाने गोळी सुरू केली तर चुकीच्या बुरशीवर चुकीचे औषध पडते. आमच्याकडेही करप्यावर तांबेऱ्याचे औषध मारणारे शेतकरी दर हंगामात भेटतात, पण तिथे पीक जाते.

दादाचा उजव्या बाजूचा वरचा जबडा काढावा लागला, आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या शस्त्रक्रियेत डोळा काढावा लागला. सोबत लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी हे शिरेतून द्यायचे बुरशीविरोधी औषध, किलोला ५ मिलिग्रॅम. त्याचे वजन ६२ किलो, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज. मे महिन्यात त्या कुप्या पैसे देऊनही मिळत नव्हत्या, वाटप सरकारी यंत्रणेकडून होत होते, आणि काही दिवस सहाच्या जागी दोनच हातात पडल्या. मेच्या अखेरीस वर्ध्यातल्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने ॲम्फोटेरिसिनचे उत्पादन सुरू केल्याची बातमी आली, तेव्हा वॉर्डाबाहेर झोपणाऱ्या आम्हा नातेवाइकांमध्ये ती दिवसभर फिरत राहिली. औषध चढताना थंडी वाजून दात आपटत, मूत्रपिंडावर ताण पडे, पोटॅशियम उतरे, म्हणून रोज रक्त काढले जाई. पुढे कित्येक महिने पोसाकोनॅझोलच्या बुरशीविरोधी गोळ्या चालल्या. आज दादा टाळूला बनवून घेतलेली पट्टी लावून जेवतो. पट्टी काढली की पाणी नाकातून येते आणि त्याचे बोलणे घरच्यांनाच समजते.

आता गोठ्याकडे येतो. दादा रुग्णालयात असतानाच माझे भाऊजी गावी आले, त्यांनी गोठ्यात एक फेरी मारली, कुटाराच्या ढिगात हात घालून पांढरी पडलेली मूठ बाहेर काढली आणि आईसमोर धरली. "यानंच खाल्लं त्याले. ढोरं काढा पयले." मग त्यांनी माझ्याच दुकानातून, मी नसताना, कार्बेन्डाझिम या पिकांवरच्या बुरशीनाशकाचा पुडा नेला आणि पाठीवरच्या पंपाने गोठ्याच्या भिंती भिजवल्या. त्या औषधाला रायझोपस फारसा जुमानतही नाही, ही गोष्ट वेगळी. गाई गेल्या. आई त्या दिवसापासून म्हणू लागली, "माह्याच हातानं झालं रे हे," कारण ढोरांचे सगळे तीच करत होती आणि दादाचा कापडी मास्कही तीच धुवून वाळत घालत होती.

भाऊजींना तेव्हा विचारायचे राहून गेले ते इथे विचारतो. तीस वर्षे रोज पहाटे शेण काढणाऱ्या माझ्या आईला ही बुरशी का झाली नाही? दादा तालुक्याला मोबाइलचे दुकान चालवत होता, आजारपणात समोरच्या खोलीत होता, आणि गोठ्याचा उंबरा त्याने कित्येक महिने ओलांडला नव्हता. मग कुटाराने त्यालाच का गाठले? या बुरशीचे बीजाणू मातीत, शेणखतात, पालापाचोळ्यात आणि हवेत सगळीकडे असतात, तुमच्या-माझ्या नाकात रोज जातात, आणि शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांना तिथेच संपवतात. स्टेरॉइड त्या पेशींना लुळे करते, वाढलेली साखरही तेच करते, आणि साखर फारच चढून रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांनी बांधून ठेवलेले लोह मोकळे होते, जे या बुरशीला हवेच असते. दादाच्या शरीरात हे तिन्ही दरवाजे एकाच वेळी उघडे होते. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतले डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी करोनाच्या कितीतरी आधीपासून सांगत होते की भारतात हा आजार मुख्यतः ताब्यात नसलेल्या मधुमेहाच्या पाठीवर बसून येतो. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले, त्यांत नऊ हजारांहून अधिक रुग्ण एकट्या महाराष्ट्राचे होते. या सगळ्यांच्या घरामागे गोठे होते काय?

तुमच्या मोठ्या बाबांना पूर्वी साखर नसेल, म्हणून तुम्ही निश्चिंत असाल तर ती चूक आहे. प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन ही दोन्ही औषधे साखर वाढवतात आणि पूर्वी मधुमेह नसलेल्या माणसालाही तो होऊ शकतो. तेव्हा गाईच्या किमतीची चर्चा थांबवा, ग्लुकोमीटर आणा, आणि पट्ट्यांची मुदत बघून घ्या.

इथपर्यंत मी भाऊजींशी भांडलो. आता त्यांच्या बाजूचे जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे, कारण तुमचा माणूस माझ्या दादासारखा नाही. दादाची प्रतिकारशक्ती काही आठवडे ढासळली होती, तुमच्या मोठ्या बाबांची ती मुद्दाम आणि जन्मभर दाबून ठेवली जाणार आहे, आणि पहिले काही महिने सर्वांत जास्त. बुरसटलेले कुटार उपसताना जो धुराळा उडतो त्यात ॲस्परजिलसचे बीजाणू अगणित असतात आणि अशा माणसाच्या फुप्फुसात ते रुजू शकतात. म्हणून ढोरे राहू द्या, पण कुटार मागच्या भिंतीपासून दूर, शक्यतो वावरात हलवा, पावसाआधी ताडपत्रीखाली घ्या, आणि हे काम चालू असताना मोठ्या बाबांना घरात नव्हे, दुसऱ्या घरी बसवा. उकिरडा उपसणे, शेणखत पसरवणे, धान्य उफणणे ही कामे त्यांनी करू नयेत. धुळीत जावेच लागले तर एन-९५ मास्क लावावा, गमछा पुरत नाही. अनवाणी वावरात जाऊ नये, कारण जखमेत माती गेल्यानेही म्युकर होतो. कबुतरांची विष्ठा साफ करण्याचे काम त्यांना देऊ नका, तिच्यात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असते आणि ती मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. आणि माझ्या धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो, जूनमध्ये बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायला त्यांना बसवू नका. पिकाच्या दृष्टीने ती मित्रबुरशी आहे, पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसांत तिचेही संसर्ग, क्वचित का होईना, नोंदले गेले आहेत.

माझे हे वाचून त्यांचे स्टेरॉइड किंवा दुसरी कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. त्याने नवे मूत्रपिंड शरीर नाकारू शकते, आणि अचानक बंद केलेले स्टेरॉइड एरवीही जिवावर बेतू शकते. गावातल्या डॉक्टरांनी नायट्यासाठीसुद्धा बुरशीविरोधी गोळी लिहिली, तर प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय ती देऊ नका, कारण 'ॲझोल' कुळातल्या गोळ्यांमुळे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढते.

भाऊजी अजूनही म्हणतात की गोठा रिकामा झाला म्हणून दादा वाचला. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्यांनंतर, मी दादाची उपाशीपोटी साखर तपासली तेव्हा ती २६० भरली, आणि गोठ्यात त्या दिवशी एकही ढोर नव्हते. तो आकडा मी त्याच फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवला आहे.