पहिले परीक्षण लिहिताना

तुम्ही कॉमिक्सची परीक्षणे लिहू लागला आहात, हे उत्तमच. सुरुवातीला एकच अंक निवडून तो दोनदा वाचा. माझ्या मते 'अमेझिंग फँटसी'चा ऑगस्ट १९६२ चा पंधरावा अंक, ज्यातील लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांच्या अवघ्या ११ पानांच्या कथेत स्पायडर-मॅन प्रथम अवतरला, त्यासाठी योग्य आहे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

१. अर्धे परीक्षण कथासारातच खर्ची घालणे.

२. चित्रांना 'छान' म्हणून मोकळे होणे. पीटर (म्हणजेच स्पायडर-मॅन) पळत्या चोराला अडवत नाही आणि वर पोलिसालाच झटकून टाकतो, तो प्रसंग डिटकोने किती चौकटींत उरकला आहे, हे पाहून लिहा.

३. चित्रपटांतून पाठ झालेले अंकावर लादणे. मोठ्या सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारीही येते, हे प्रसिद्ध वाक्य येथे पीटरच्या बेनकाकांच्या तोंडी नसून शेवटच्या चौकटीतील निवेदनात आहे.

उणिवाही निःसंकोच नोंदवा. तोच चोर नेमका पीटरच्याच घरी शिरून काकांचा जीव घेतो, हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, आणि काका इतक्या थोड्या चौकटींत दिसतात की त्यांच्याविषयी जिव्हाळा निर्माण व्हायला वावच मिळत नाही (तरीही शेवट चटका लावून जातो, ही गोष्ट वेगळी). शाईकाम (पेन्सिलीच्या रेखाटनावर शाई फिरवणे) आणि रंगयोजनेची चिकित्सा तूर्त बाजूला ठेवा.