लोकशाही आणि डिजिटल धोके या विषयावरची ऑनलाइन समर अकॅडमी नोकरी सांभाळून करावी का? आयटी येत नसेल तर जमतं का?

उत्तर:

जमतं. मी पण कॉमर्सवालीच आहे आणि युरोपातल्या एका संस्थेची असली अकॅडमी ऑफिस सांभाळून केलीय. फक्त सर्टिफिकेटसाठी करणार असाल तर राहू द्या, इकडे एचआरवाले त्याकडे ढुंकून बघत नाहीत.

कोडिंग वगैरे काही नसतं. आमच्या बॅचला वकील, पत्रकार, शिक्षक, एनजीओवाले असे सगळे होते. हॅकिंगचा भाग थोडकाच, एस्टोनियावरचा 2007 चा सायबर हल्ला (टालिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवला त्यावरून पेटलं होतं, बँकांच्या आणि पेपरांच्या साइट्स बंद पडल्या) एका लेक्चरमध्ये उरकला. बाकी सगळा वेळ खोटं कोण पसरवतंय, पैसा कुणाचा आणि वेळ कुठली साधली यातच जातो.

त्यात वेळेचा मुद्दा मला सगळ्यात भारी वाटला. स्लोवाकियात 30 सप्टेंबर 2023 ला निवडणूक होती, तिच्या दोनच दिवस आधी एक ऑडिओ फिरला, त्यात प्रोग्रेसिव्ह स्लोवाकिया पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का आणि एक महिला पत्रकार मतं कशी विकत घ्यायची त्याबद्दल बोलतायत असं ऐकू येत होतं. होता बनावट, पण तिकडे मतदानाआधी 48 तास प्रचारबंदी असते त्यामुळे उत्तर द्यायचीच पंचाईत, आणि फेसबुकचा नियम तेव्हा बनावट व्हिडिओपुरता होता, ऑडिओ त्यात बसतच नव्हता. शिमेच्कांचा पक्ष हरला, आता तो ऑडिओमुळेच हरला असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि आमच्या मेंटरने पण ते दोनदा बजावून सांगितलं, हे मला आवडलं. ते शिकताना मला आपलं काही वेगळं वाटलं नाही, कारण प्रचाराच्या तोफा आपल्याकडेही 48 तास आधीच थंडावतात. पुढे 19 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या रात्री, सुप्रिया सुळे आणि नाना पटोलेंच्या नावाने बिटकॉइनच्या ऑडिओ क्लिपा आल्याच की. दोघांनीही आवाज आपला नाही म्हणून सांगितलं, पण सकाळी सात वाजता मतदान सुरू, तेवढ्या वेळात तपासणार कोण आणि ऐकणार कोण?

रोमानियाचं प्रकरण पण नीट समजून घ्या, मुलाखतीत विचारू शकतात. नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्जेस्कू नावाचा उमेदवार, सर्व्हेमध्ये कुठेच नव्हता, टिकटॉकवर जोरात चालला, प्रचाराचा खर्च शून्य दाखवला आणि पहिल्या फेरीत पहिला आला, मग 6 डिसेंबरला तिथल्या घटनात्मक कोर्टाने अख्खी निवडणूकच रद्द केली. रद्द करणं बरोबर का चूक यावर आमच्या ग्रुपमध्ये जाम वाद झाला. मला स्वतःला ते अजूनही पटत नाही, लोकांनी टाकलेली मतं कोर्टाने पुसायची म्हणजे फारच झालं.

आता कमी काय ते पण सांगते. सगळं रशिया काय करतो याभोवती फिरतं, आणि उदाहरणं उघड्या सोशल मीडियाची, जिथे पोस्ट कुणी टाकली ते निदान शोधता तरी येतं. आपला प्रॉब्लेम बंद व्हॉट्सॅप ग्रुपचा आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते बिचारे. त्या काळात देशभर फिरणाऱ्या क्लिपांपैकी एक तर कराचीतल्या जनजागृतीच्या व्हिडिओतली होती, मूल परत आणून देतात तो शेवट कापलेला. त्यानंतर व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मी हे ग्रुपमध्ये मांडलं तेव्हा कितीतरी जणांनी पहिल्यांदाच ऐकलं.

वेळेचं म्हणाल तर तिकडचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले रात्री साडेआठ, त्यामुळे ऑफिस बुडत नाही, जेवण मात्र कॅमेरा बंद करून. समर त्यांचा, आपल्याकडे धो धो पाऊस, तेव्हा मोबाइल डेटा भरून ठेवा. फी बऱ्याच ठिकाणी नसते पण अर्जात का यायचंय ते लिहावं लागतं, तिथे लोकशाहीवर निबंध न लिहिता तुमच्या गावातलं, ऑफिसातलं एखादं फॉरवर्ड प्रकरण सरळ लिहा, कुणी पाठवलं, पुढे काय झालं, सगळं.